हजिरा ते दीपनगर : एलएनजीच्या टँकरमागे चार दिवस

पहिला दिवस : हजिरा ते नवापूर

गॅसच्या मोठ्या वाहिन्या खान्देशाला बगल देऊन जातात. हजिऱ्याहून निघणारी जुनी वाहिनी विजयपूर-जगदीशपूरच्या दिशेनं उत्तरेला वळते, आणि मुंबई-नागपूर वाहिनीनं समृद्धी महामार्गाची कड धरली आहे. तापीकाठच्या कारखान्याला नैसर्गिक वायू हवा असेल तर तो द्रव होऊन, म्हणजे एलएनजीच्या रूपात, चाकांवरून, सुरत-धुळे रस्त्यानं येतो. म्हणून हा प्रवासही टँकरच्याच वेगानं : जुलैचा दुसरा आठवडा, हजिऱ्यापासून भुसावळजवळच्या दीपनगरापर्यंत.

हजिऱ्याचं टर्मिनल २००५ पासून चालू आहे. वर्षाला ५० लाख टन त्याची क्षमता. त्याच्या उत्तरेला दहेजचं टर्मिनल २००४ मध्ये तेवढ्याच क्षमतेवर सुरू झालं आणि वाढत वाढत पावणेदोन कोटी टनांवर गेलं. उणे १६२ अंशांवर द्रव झालेला मिथेन जहाजातून इथं उतरतो. वायूचा द्रव केला की जागा सहाशेपट कमी लागते. सगळा धंदा या एका आकड्यावर उभा आहे.

टँकर म्हणजे दुधाच्या टँकरसारखी साधी टाकी नव्हे. आत स्टेनलेस स्टीलची टाकी, बाहेर साध्या पोलादाची, मध्ये निर्वात पोकळी आणि तिच्यात उष्णतारोधक थर. घरातल्या थर्मासची मोठी भावंडंच. भरण्याआधी रिकाम्या गाडीचं वजन होतं, चाकांखाली ठोकळे लागतात, अर्थिंगचा चिमटा लागतो, मग होज, म्हणजे लवचीक नळी, जोडून आधी टाकी हळूहळू थंड करतात. गाडी गरम आली असेल, म्हणजे मागच्या फेरीत तळाशी थोडा द्रव न ठेवता पूर्ण कोरडी करून आणली असेल, तर आतली टाकी थंड करण्यातच काही तास जातात आणि त्यात उडालेल्या वायूचा हिशेब कुणाच्या नावावर टाकायचा यावरून वाद होतात. जाणते चालक टाकीत थोडा द्रव राखूनच परततात.

भरलेल्या टँकरमध्ये साधारण १७ टन द्रव असतो. त्याचे झाले २३,५०० घनमीटर वायू, किंवा बिलाच्या भाषेत ८८० एमएमबीटीयूच्या (दहा लाख ब्रिटिश उष्मा-एककांच्या) आसपास. ‘आसपास’ म्हणायचं कारण असं की वजनपावतीबरोबर मिळणारा दुसरा कागद, घटकांच्या प्रमाणाचा, दर मालाला बदलतो. अमेरिकी माल बहुतेक निव्वळ मिथेन असतो. आखाती मालात इथेन-प्रोपेन जास्त, त्यामुळे दर घनमीटरला उष्णता जास्त. बर्नर एका मालावर बसवून ठेवला आणि दुसरा माल आला की ज्योत पिवळी पडते किंवा उचलली जाते. हा कागद बॉयलरवाल्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. तो लेखा विभागाच्या फाईलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

सुरत सोडल्यावर संध्याकाळपर्यंत नवापूर. इथलं रेल्वे स्टेशन निम्मं गुजरातेत, निम्मं महाराष्ट्रात. हद्द आली की कराचा विषय निघतोच. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्यावर भरलेल्या व्हॅटचं क्रेडिट कारखान्याला जीएसटीत मिळत नाही. फर्नेस ऑइलवर, म्हणजे बॉयलर-भट्ट्यांत जाळायच्या जड तेलावर, ते मिळतं. दोन इंधनांचे दर शेजारी मांडताना ही ओळ विसरली की तुलना पहिल्याच पायरीवर फसते. टँकरच्या मागच्या नारिंगी पाटीवर १९७२ हा आकडा असतो. ते साल नसून शीतद्रव नैसर्गिक वायूचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आहे. अपघातात अग्निशमन दलानं आधी तो वाचायचा.

दुसरा दिवस : कोंडाईबारी, साक्री, धुळे

नवापूरहून विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट. धुळ्याकडे जाताना हा चढ असतो आणि टँकर भरलेला असतो. परतीला उतार, आणि टँकर जवळजवळ रिकामा. हे नशीबच म्हणायचं. अर्धा भरलेला टँकर सगळ्यांत वाईट, कारण वळणावर आतला द्रव एका बाजूला धावतो आणि गाडीला ओढतो. आत अडथळ्याच्या पट्ट्या असतात, पण त्या पुढे-मागे होणारी उसळी आवरतात, आडवी नाही. एकाच फेरीत दोन कारखान्यांना निम्मा-निम्मा माल द्यायचा मोह म्हणूनच घाट ओलांडल्यावर, सपाटीवरच ठेवावा.

पावसाळ्यात खरा प्रश्न रस्त्याचा. नवापूर ते फागणे हा चौपदरीकरणाचा टप्पा वर्षानुवर्षं रेंगाळला. घाटात एक ट्रक आडवा झाला की रांग दोन्हीकडे वाढत जाते. थांबलेल्या टँकरचं काय होतं? द्रव गळत नाही, पण बाहेरची उष्णता थोडी थोडी आत शिरते, थोडा द्रव वायू होतो आणि दाब चढतो. पोकळी शाबूत असेल तर हा चढ इतका मंद असतो की काही दिवस सहज निघतात. पोकळी गेली असेल तर बाहेरच्या पत्र्यावर घाम येतो, मग पांढरं दव धरतं. रांगेत उभ्या टँकरच्या अंगावर एखाद्या ठिकाणी असा डाग दिसला तर तो टँकर ढाब्यावर जेवायला थांबवू नये, सरळ रिकामा करायला न्यावा. जास्त दाब वरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून सुटतो तेव्हा पांढरा ढग दिसतो. तो ढग हवेतल्या बाष्पाचा असतो. मिथेन स्वतः दिसत नाही आणि या अवस्थेत त्याला वासही नसतो, कारण वास देणारं रसायन इतक्या थंडीत गोठून बसतं. थंडगार असताना तो हवेहून जड, जमिनीलगत पसरतो. तापमान उणे ११० च्या वर गेलं की हलका होऊन उडतो. हवेत ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच पेटतो. म्हणून ढगात बिडी पेटवणारा आणि ढगाजवळून दुचाकी नेणारा सारखेच धोक्यात.

दहिवेलनंतर पठार लागतं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग. विजेच्या बाबतीत हा भाग गरीब नाही. एलएनजीची चर्चा निघाली की लगेच ‘गॅसवर वीज’ म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा डोळे उघडे ठेवून करावा. त्या हिशेबाकडे चौथ्या दिवशी येऊ.

रात्री कुसुंब्याच्या पुढे शेवभाजी. ढाब्यामागे १९ किलोचे निळे सिलिंडर उभे. असा एक सिलिंडर म्हणजे नैसर्गिक वायूचे साधारण चोवीस घनमीटर. धुळे, नाशिक आणि वलसाड यांचं शहरी गॅसवितरणाचं क्षेत्र एकच आहे, त्यामुळे पाइपचा गॅस आधी शहराच्या हॉटेलांपर्यंत पोहोचेल आणि ढाब्यांचा नंबर फार उशिरा लागेल. तो लागेल तेव्हा शेगडीचं जेट बदलायला विसरू नये. एलपीजीचं भोक बारीक असतं, त्यातून नैसर्गिक वायू दिला की आच निम्म्याहून कमी होते आणि मग ‘पाइपच्या गॅसला दम नाही’ अशी बोलवा उठते.

तिसरा दिवस : धुळ्याजवळचा एक कारखाना

या प्रवासातला सगळ्यांत लांब दिवस. कारखान्यात ताशी तीन टन वाफेचा बॉयलर, आधी फर्नेस ऑइलवर चालणारा, आता एलएनजीवर. कुंपणात उभी पांढरी टाकी ५६ हजार लिटरची, शेजारी ॲल्युमिनियमच्या पंखांच्या नळ्यांचे दोन उंच संच, एक दाब कमी करणारी चौकी, वास मिसळणारं छोटं यंत्र आणि मीटर. परवाना नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा. टाकी, कुंपण, शेजारच्या इमारतीपासूनचं अंतर, सगळं त्याच्या नियमांत बसावं लागतं.

टँकर आला की आधी ठोकळे आणि अर्थिंग. मग होज. होजमध्ये हवा राहिली तर तिच्यातलं बाष्प आत गोठून व्हॉल्व्ह अडकवतं, म्हणून नायट्रोजननं किंवा टाकीतल्याच वायूनं होज धुऊन घेतात. त्यानंतर द्रवाचा व्हॉल्व्ह एक आटा, फार तर दीड, आणि थांबायचं. होज पांढरी होत जाते, जोडावरच्या नटांवर दव धरतं, आत फसफस ऐकू येते. फसफस थांबून आवाज सलग झाला म्हणजे होजभर द्रव आला. तेव्हाच व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. घाई केली की गॅस्केट आकसतं आणि जोड गळतो. अशा वेळी पाना घेऊन जोड आवळायला धावणं चूक. आधी व्हॉल्व्ह बंद, दाब शून्य, मग जोड.

टाकीत माल वरून सोडायचा की खालून, हे दाब पाहून ठरतं. वरून थंड द्रवाचा फवारा पडला की टाकीतला वायू आकसून द्रव होतो आणि दाब उतरतो. खालून भरलं की दाब चढतो. सराईत माणूस दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे ठेवून काटा एका जागी धरतो. जुना माल बरेच दिवस पडून असेल तर मात्र खालूनच भरावं, कारण त्यातला मिथेन आधी उडून गेलेला असतो आणि उरलेला द्रव जड झालेला असतो. हलका नवा माल वरून सोडला तर तो वरच तरंगत राहतो. असे दोन थर बनले आणि पुढे अचानक मिसळले तर एकाएकी वायू सुटून दाब उसळतो. छोट्या टाक्यांत हे क्वचित, पण महिनाभर बंद राहिलेल्या कारखान्यानं ध्यानात ठेवावं. टाकी ९० टक्क्यांपर्यंतच भरायची. वरच्या तपासणी नळीतून वायूऐवजी द्रव डोकावला की बस.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे अपघात होतात : दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या नळीत अडकलेला द्रव. तो तापून वायू होऊ पाहतो, सहाशेपट जागा मागतो, आणि ती नसते. म्हणून अशा प्रत्येक तुकड्यावर छोटा सुटका-व्हॉल्व्ह असावाच लागतो. नंतर कुणी ‘तात्पुरता’ एखादा व्हॉल्व्ह वाढवला की मधे नवा तुकडा तयार होतो आणि त्यावर सुटका नसते. पाहणीला गेल्यावर आम्ही आधी तेच मोजतो.

आता टाकीचं गणित, कारण खान्देशात एलएनजी अडतो तो इथं. तीन टनांचा बॉयलर पूर्ण भारावर ताशी साधारण २३० घनमीटर घेतो. दिवसाचे वीस तास धरले तर सव्वातीन टन द्रव. म्हणजे एक टँकर पाच दिवस. ऐकायला छान. पण ५६ हजार लिटरची टाकी ९० टक्के भरली की तिच्यात साडेएकवीस-बावीस टन मावतात. सतरा टनांचा टँकर पूर्ण रिकामा व्हायचा तर टाकीत पाचेक टनांहून कमी उरलेले हवेत. त्यातले तळाचे दोनेक टन टाकी थंड ठेवायला आणि दाब धरायला सोडायचे. हातात काय राहिलं? तीन टनांच्या आत. जेमतेम एक दिवस! टँकर हजिऱ्याहून धुळ्याला एका दिवसात येतो, पण घाट बंद पडला तर येत नाही. कागदावर पाच दिवसांचा साठा दिसणारा कारखाना दर पाचव्या दिवशी एका दिवसावर येऊन टेकतो. पावसाळ्यात यावर दोनच तोडगे आहेत. एक, दुसरी टाकी. दोन, जुना फर्नेस ऑइलचा बर्नर मोडीत न काढता दुहेरी बर्नर बसवणं आणि दर आठवड्याला तो तासभर खरोखर चालवून पाहणं. न चालवलेला पर्यायी बर्नर गरजेच्या दिवशी पेटत नाही, कारण फर्नेस ऑइल शंभरेक अंशांपर्यंत तापवल्याशिवाय त्याचे तुषार होत नाहीत आणि त्याचा हीटर केव्हाच जळून गेलेला असतो.

दुपारी पाऊस थांबून दमट ऊन पडलं तेव्हा नळ्यांच्या संचाकडे. आतून द्रव, बाहेरून हवा. हवेची उष्णता घेऊन द्रवाचा वायू होतो, वेगळं इंधन लागत नाही. भुसावळ-जळगावच्या मेमधल्या पंचेचाळीस अंशांत हा संच खूष असतो, बाकी जग हैराण असलं तरी. त्याचा खरा शत्रू दमट पावसाळा आणि धुळ्याची डिसेंबरची पहाट. पंखांवर बर्फ साचत जातो, दोन पंखांमधली फट बुजते, हवा फिरत नाही. म्हणूनच संच दोन : एक काही तास चालवायचा, तोवर दुसरा वितळवायचा. पावसाळ्यात अदलाबदल लवकर करावी लागते. ती वेळेवर झाली नाही तर पुढच्या नळीत वायू फार थंड जातो. तिथून पुढची नळी साध्या पोलादाची असते आणि अतिथंडीत काचेसारखी तडकू शकते, म्हणून तापमान एका मर्यादेखाली गेलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि बॉयलर थांबतो. रात्रपाळीत बॉयलर थांबू नये म्हणून ही सुरक्षा वायर जोडून निकामी केलेली काही ठिकाणी सापडते. यापेक्षा मोठी चूक या कुंपणात होऊ शकत नाही. बर्फ काढायला साध्या पाण्याचा पाइप पुरे. लोखंडी गजानं ठोकू नये. पंख वाकले की ते परत सरळ होत नाहीत. हेच पाणी सांडलेल्या द्रवावर मात्र मारू नये, त्यानं द्रव अधिक वेगानं उकळतो. आगीला कोरडी पावडर, पाणी फक्त शेजारच्या टाक्या थंड ठेवायला.

संध्याकाळी पैशांचा हिशेब. दर सतत हलतात, म्हणून इथले आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते. समजा एलएनजी कारखान्याच्या दारात ११०० रुपये एमएमबीटीयू पडला. फर्नेस ऑइल ५५ रुपये किलो म्हणजे साधारण १३६० रुपये. एलपीजी ८० रुपये किलो म्हणजे जवळजवळ १७००. आणि पऱ्हाटीच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, ७ रुपये किलोनं ४६५. बॉयलरची कार्यक्षमता लावली, गॅसला ८५ टक्के आणि ब्रिकेटला ६८, तरी ब्रिकेट ६८० आणि गॅस १३००. कापसाच्या मुलखात पऱ्हाटीशी स्पर्धा करायला गॅसनं जाऊच नये. राख, साठवायची जागा, पावसात भिजलेला माल आणि वाफेचा चढउतार हे सगळं धरूनही ज्याला फक्त वाफ हवी त्याला ब्रिकेट स्वस्तच. गॅसची जागा वेगळी आहे : पावडर कोटिंगची भट्टी, बेकरी, फरसाणाची तळणी, आणि पावसाळ्यात ऊन नसताना डाळ वाळवणारा ड्रायर. जिथं तापमान पाच-दहा अंशांत धरायचं असतं आणि धूर मालाला लागता कामा नये.

दराची अनिश्चितताही विसरू नये. आशियातला तातडीच्या खरेदीचा दर २०२० च्या उन्हाळ्यात एमएमबीटीयूला दोन डॉलरच्या आसपास होता, २०२२ च्या ऑगस्टमध्ये सत्तरच्या घरात. दीर्घ मुदतीचा माल कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला, त्यामुळे शांत. टँकरवाल्याशी करार करताना माल कोणत्या भावाला बांधलेला आहे आणि ‘घ्या नाहीतर पैसे द्या’ हे कलम (माल उचलला नाही तरी ठरलेल्या टक्क्यांचे पैसे द्यायचे) किती टक्क्यांचं आहे, या दोन ओळी आधी वाचाव्यात. हंगामी कारखान्याला दुसरी ओळ बुडवते.

चौथा दिवस : जळगाव, भुसावळ, दीपनगर

पारोळा, एरंडोल, जळगाव. वाहनांच्या सीएनजीत एलएनजीचा उपयोग सगळ्यांत सरळ दिसतो. लांबून सीएनजी आणायचा तर सिलिंडरांचा जुडगा असलेल्या छोट्या ट्रकमधून. एका फेरीत साडेचारशे-पाचशे किलो. दिवसाला पाच हजार किलो विकणाऱ्या पंपाला अशा दहा-अकरा फेऱ्या लागतात. जुडगा उतरत जातो तसा दाब कमी होतो, रिक्षात दोनशे बारऐवजी दीडशेच भरतो, रिक्षावाला लवकर परत येतो आणि रांग वाढते. तेच पाच हजार किलो एलएनजीतून घेतले तर तीन-साडेतीन दिवसांना एक टँकर. पंपावरच द्रव उच्च दाबाला पंप करून मग त्याचा वायू करतात. वायू दाबण्यापेक्षा द्रव दाबायला वीज कितीतरी कमी लागते. राज्यानं १ एप्रिल २०२२ पासून सीएनजी आणि पीएनजीवरचा (पाइपच्या गॅसवरचा) व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, त्याचा फायदा इथं थेट पोहोचतो.

जळगावहून सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्या. केळी पिकवणाऱ्या खोल्यांना थंडावा लागतो आणि कुंपणातल्या नळ्या तोच थंडावा हवेत फुकट उधळतात, हे पाहून कुणालाही कल्पना सुचते. हिशेब केला तर तीन टन बॉयलरच्या कारखान्यातून रोज मिळणारा थंडावा नऊ-दहा टनांच्या एसीइतका भरतो. एका-दोन खोल्यांपुरता. पण केळ १३ अंशांखाली गेलं की साल काळवंडते, म्हणून मधे ग्लायकॉलचं पाणी फिरवूनच तो खोलीत न्यावा लागेल, आणि बॉयलर बंद तर थंडावाही बंद. कारखाना आणि केळीची वखार एकाच आवारात असल्याशिवाय याचा विचार करू नये.

दुपारनंतर दीपनगर. ५०० मेगावॉटचे दोन संच, कोळशावर. चिमण्या तापीच्या अंगानं लांबून दिसतात. आता दुसऱ्या दिवशी ठेवलेला हिशेब. सतरा टनांचा एक टँकर चांगल्या संयुक्त चक्राच्या केंद्रात (जिथं गॅस टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर वाफेची टर्बाइनही चालते) जाळला तर त्यातून सुमारे १ लाख १९ हजार युनिट निघतात. इथला एक संच पूर्ण भारावर तासाला पाच लाख युनिट देतो. म्हणजे नवापूर, कोंडाईबारी, साक्री पार करून आलेला टँकर त्या संचाची चौदा मिनिटं भरून काढेल. संध्याकाळचे चार तास भरायचे तर रोज सतरा टँकर, शिवाय ज्या गॅस टर्बाइनमध्ये ते जाळायचे ते इथं नाहीच. सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते, ती कळ सोसायची असेल तर उरण किंवा दाभोळसारख्या, वाहिनीला जोडलेल्या केंद्रांनी. वीज तारेतून साक्रीपर्यंत येते, तिला घाट आडवा येत नाही.

रिकामा टँकर तोवर परतीला लागलेला असतो, तळाशी टनभर द्रव राखून. उद्या पहाटे कोंडाईबारीचा उतार, दुपारपर्यंत हजिऱ्याच्या रांगेत. धुळ्याच्या टाकीचा काटा आज संध्याकाळी ८२ टक्क्यांवर. पुढच्या टँकरची मागणी शनिवारी नोंदवायची, आणि हवामान खात्यानं घाटमाथ्याला पावसाचा इशारा दिला असेल तर शुक्रवारीच.